मित्र तोडण्याआधी त्याला एकदा जेवायला बोलवा

पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका आईंनी विचारलं आहे : "माझा मुलगा साडेचौदा वर्षांचा आहे, नववीत. आठवीपर्यंत शाळेतून कधी तक्रार आली नाही. दिवाळीनंतर त्याचा नवीन ग्रुप जमला. आता क्लास सुटला की तास-दीड तास कट्ट्यावर असतो. केस त्यांच्यासारखे, बोलणं त्यांच्यासारखं. घटक चाचणीत गणितात नापास झाला. मागच्या आठवड्यात शर्टाला सिगारेटचा वास आला. विचारलं तर म्हणाला, 'सगळेच ओढतात, मी नुसता उभा होतो.' त्या ग्रुपमधला एक मुलगा सगळ्याच्या मुळाशी आहे असं आम्हाला वाटतं. सासूबाई म्हणतात, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्यावर दुसरं काय होणार. मिस्टर म्हणतात, दहावीला बाहेरगावी हॉस्टेलला टाकू. मॅडम, त्या मुलापासून याला तोडायचं कसं?"

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मग. तोडू नका. नाशिकमध्ये २२ वर्षं मी याच वयाच्या मुलामुलींबरोबर काम करते आहे, काही शाळांमध्ये आणि बाकीचा वेळ माझ्या समुपदेशनाच्या खोलीत. ज्या घरांनी जबरदस्तीनं मित्र तोडायला घेतला, त्यातल्या बहुतेक घरांत मित्र होता तिथेच राहिला आणि मुलगा घरापासून तुटला. "त्याच्याशी बोलायचं नाही" असं तुम्ही ज्या दिवशी सांगाल, त्या दिवशी तो मित्राशी बोलणं थांबवणार नाही, तुम्हाला सांगणं थांबवेल. आज निदान "मी नुसता उभा होतो" एवढं तरी तो तुमच्या तोंडावर बोलला. ते खरं असो, अर्धं खरं असो, त्यानं दार पूर्ण लावलेलं नाही. तुमची सगळी भिस्त आत्ता त्या उघड्या फटीवर आहे.

सासूबाईंची म्हण मी खोटी ठरवणार नाही. वाण नाही पण गुण लागतो, हे मी रोज बघते. फक्त त्या म्हणीत बैल कोणीतरी नेऊन बांधतो. मुलं स्वतः जाऊन बांधून घेतात. डेनिस कँडेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या शाळकरी मित्रांच्या जोड्या शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी तपासल्या आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मित्र एकमेकांसारखे दिसतात त्याला दोन कारणं निघाली, आणि दोन्ही साधारण सारख्याच वजनाची. एक, सोबत राहून ते एकमेकांसारखे होतात. दुसरं, मुळात आपल्यासारख्यालाच ते मित्र म्हणून निवडतात. म्हणजे त्या मुलानं तुमच्या मुलाला बिघडवलं, ही अर्धी गोष्ट. तुमच्या मुलाला त्याच्याकडे जावंसं का वाटलं, ही उरलेली अर्धी. आणि आईबापाला हात घालता येतो तो या दुसऱ्या अर्ध्यात.

मागे सातपूरचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, तोही नववीतलाच. वडील कंपनीत शिफ्टला जाणारे. आईवडील बाहेरच्या बाकावर बसलेले आणि हा माझ्यासमोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून, नजर टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटवर. मी सिगारेटचं काही विचारलं नाही, अभ्यासाचंही नाही. एवढंच विचारलं, "त्या ग्रुपमध्ये तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" बराच वेळ तो गप्प होता. मग एक हात बाहेर आला, त्यानं पेपरवेट उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आणि म्हणाला, "मॅडम, मी कट्ट्यावर पोचलो ना, की ते सरकून जागा देतात."

ते वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. पुढे हळूहळू बाकीचं कळलं. शाळेच्या क्रिकेटच्या टीममधून तो त्या वर्षी गळला होता. पहिलीपासूनचा जिवलग मित्र दुसऱ्या तुकडीत गेला होता. घरी रोज जेवताना धाकट्या बहिणीच्या मार्कांचा विषय निघायचा. सरकून जागा देणारी माणसं त्याला फक्त त्या कट्ट्यावर भेटली, आणि त्यांच्या हातात सिगारेट होती. कॅरम असता तर तो कॅरम खेळत बसला असता.

म्हणून ताई, "तो मुलगा कसा आहे" याआधी "दिवाळीच्या आसपास आपल्या मुलाचं काय सुटलं" हे आठवा. तुम्हीच लिहिलंय की ग्रुप दिवाळीनंतर जमला. त्याआधी काही झालं का? घर बदललं, तुकडी बदलली, कोणाशी भांडण झालं, वर्गात सगळ्यांसमोर अपमान झाला, घरात आजारपण होतं? मुलं हे आपणहून सांगत नाहीत, कारण बऱ्याचदा त्यांनाही ते जोडून दिसत नसतं.

आता मित्रांसमोर मुलं अशी का वागतात ते थोडं समजून घेऊ. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं का, छातीपर्यंत आलं का, ते बघायला आपलं अर्धं नाशिक काठावर जमतं. त्या पाण्यात उड्या मारणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. मी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघते. एकटं पोर कठड्यावर चढलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. खाली दोन-चार जण असतात, एकाच्या हातात मोबाइल असतो, आणि वर चढलेला पाण्याकडे कमी आणि त्या दोन-चारांकडे जास्त बघत असतो.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली हेच मोजलं. ३०६ जण, तीन वयोगट : १३ ते १६, १८ ते २२, आणि २४ च्या पुढचे. त्यांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम दिला. सिग्नल पिवळा होतो, गाडी आणखी पुढे दामटली तर गुण वाढतात, पण मध्येच आपटली तर सगळं जातं. काहींनी तो एकट्यानं खेळला, काहींनी बरोबरीचे दोघे शेजारी असताना. एकट्यानं खेळताना शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी आले की त्यांचे धोके एकदम वाढले. मोठ्यांना मात्र कोण शेजारी आहे यानं फरक पडला नाही. पुढे २०११ साली स्टाइनबर्ग यांच्याच सहकाऱ्यांनी असाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळवला. मित्र शेजारच्या खोलीतून नुसते बघताहेत एवढं कळलं तरी किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल लागल्यावर जागा होणारा भाग जास्त जोरानं पेटला. मोठ्यांमध्ये तसं झालं नाही. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. सिगारेटनं काय होतं हे तुमच्या मुलाला माहीत आहे. पाकिटावरचं चित्र त्यानं तुमच्याआधी पाहिलंय. एकटा असताना तो तुमच्याइतकाच शहाणा आहे. म्हणून फुप्फुसांवरचं भाषण त्याला पुन्हा देऊ नका, त्यात तुमची आणि त्याची दोघांची शक्ती वाया जाते. त्याला गरज आहे ती, मित्र समोर असताना अब्रू न घालवता बाजूला कसं व्हायचं, या युक्तीची. त्याकडे पुढे येते.

वयाचंही सांगते, कारण त्यात तुमच्यासाठी मोठा दिलासा आहे. स्टाइनबर्ग आणि कॅथरीन मोनाहन यांनी २००७ साली १० ते ३० वयाच्या ३,६०० हून अधिक जणांची माहिती एकत्र अभ्यासली. मित्रांच्या दबावाला न बधण्याची ताकद १० ते १४ या वर्षांत फारशी वाढत नाही आणि १८ नंतरही फारशी वाढत नाही. ती वाढते १४ ते १८ या चार वर्षांत, सलग. तुमचा मुलगा त्या चढाच्या अगदी पायथ्याशी उभा आहे. चढायचं त्यालाच आहे, पण या चार वर्षांत त्याच्याजवळ मोठं माणूस असणं फार मोलाचं आहे.

म्हणूनच मिस्टरांच्या हॉस्टेलच्या विचाराला मी मनापासून विरोध करते. हॉस्टेल वाईट नसतं. पेठ-सुरगाण्याची किती मुलं नाशिकच्या वसतिगृहांत राहून शिकली, पुढे गेली. ती शिकायला आली होती. शिक्षा म्हणून पाठवलेल्या मुलाचं वेगळं असतं. तो तिथे पोचतो तो "घरानं मला काढलं" हे मनात घेऊन, ओळखीचं कोणी नसताना. पहिल्या आठवड्यात जो कोणी सरकून जागा देईल त्याचा तो होतो. निवडायला त्याला वेळच मिळत नाही. इथे निदान संध्याकाळी शर्टाचा वास घ्यायला तुम्ही आहात.

इथे माझी एक चूक सांगते, कारण अनेक शाळा अजून ती करतात. कामाची सुरुवातीची वर्षं होती. एका शाळेनं आठवी-नववीतली सहा "त्रास देणारी" मुलं माझ्याकडे सोपवली, आणि मी दर शुक्रवारी त्या सहाही जणांना एकत्र बसवून गटचर्चा घेऊ लागले. मला वाटलं, एकमेकांचं ऐकून शिकतील. तिसऱ्या शुक्रवारी एकानं मास्तरांच्या गाडीची हवा कशी सोडली ते सांगितलं आणि बाकीचे पाच असे हसले की पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याकडे त्याहून मोठा किस्सा तयार होता. दोन महिन्यांत सहा वेगवेगळ्या वर्गांतल्या सहा मुलांचा एक पक्का ग्रुप तयार झाला होता, आणि तो मी जमवून दिला होता. टॉम डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नेमकं हेच मांडलं होतं, की धोक्याच्या वळणावरच्या मुलांना एकत्र करून "सुधारायला" गेलं की काही वेळा ती जास्त बिघडतात. कारण वाईट वागण्याला तिथे हशा मिळतो, आणि हशा हे त्या वयात सगळ्यात मोठं बक्षीस असतं. तो लेख मी आधी वाचायला हवा होता. त्यातल्या दोन मुलांचं वर्ष त्यामुळे आणखी अवघड गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा "बिघडलेल्या मुलांसाठी खास शिबिर" अशी जाहिरात कोणी आणून दिली तर दहादा विचार करा.

"सगळेच ओढतात" हे त्याचं वाक्य मात्र हलक्यात घेऊ नका. त्याला खरंच तसं वाटत असणार. मी वर्गांमध्ये चिठ्ठ्यांचा एक प्रयोग करते. नाव न लिहिता दोन उत्तरं लिहायची : तू कधी सिगारेट किंवा व्हेप (ई-सिगारेट) ओढून पाहिलं आहेस का, आणि तुझ्या वर्गातल्या किती जणांनी पाहिलं असेल. चिठ्ठ्या फळ्यावर मोजल्या की वर्गात शांतता पसरते. वर्गाचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा दर वेळी खूप मोठा निघतो. मनातून नको असलेले बरेच असतात, पण आपण एकटेच भित्रे आहोत असं प्रत्येकाला वाटत असतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांना १९९३ साली हेच आढळलं होतं. म्हणून त्याला "सगळे विहिरीत उडी मारतील तर तूही मारशील का" असं विचारू नका. त्यापेक्षा विचारा, "सगळे म्हणजे कोण कोण रे?" तो बोटं मोजायला लागला की बऱ्याचदा तीनवर थांबतो.

दबाव म्हटलं की आपल्याला वाटतं, कोणीतरी तोंडाशी सिगारेट धरून "ओढ" म्हणत असेल. असं फार क्वचित होतं. कोणी काही बोलत नाही. पाकीट फिरतं, त्याच्यापाशी येतं, एक सेकंद सगळे थांबतात. त्या एका सेकंदात त्याला दिसतं ते एवढंच, की उद्या हे सरकून जागा देतील की नाही. मुलींच्या बाबतीत तर हे इतकं मुकं असतं की घरात पत्ताही लागत नाही. कॉलेज रोडवरच्या एका क्लासची मुलगी माझ्याकडे आली ती पोटदुखीसाठी दोन डॉक्टर करून. सगळे रिपोर्ट नॉर्मल. चौथ्या भेटीत तिनं मोबाइल पुढे केला. चौघी मैत्रिणींचा ग्रुप होता. एका रात्री पावणेबाराला तिला काढून टाकलं होतं, एका ओळीचं कारण न देता. दुसऱ्या दिवसापासून त्या तिघी डबा खाताना तिच्याकडे पाठ करून बसत. ओरडणं नाही, शिवी नाही, मारहाण नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची? २००३ मधल्या एका प्रयोगात संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून माणसाला वगळलं, तेव्हा मेंदूत शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा एक भाग जागा झालेला दिसला. त्या मुलीचं पोट खरंच दुखत होतं. पुन्हा त्या तिघींत बसता यावं म्हणून ती काय काय करायला तयार होती, हे तिनं सांगितलं तेव्हा मला धडकी भरली.

आता करायचं काय.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात कॉलेजच्या तरुणांना रेघांची लांबी ओळखायला लावली होती. बाकीचे सगळे आधीच सांगून ठेवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या चुकीत सामील झाला. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त उपयोगी वाटतो. त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार ठेवला, की चुकीला मान डोलावणं एकदम कमी झालं. एकच पुरतो. सगळा ग्रुप सुधारायची गरज नाही, अख्खा ग्रुप तोडायचीही नाही. त्या पाच-सहा जणांत असा एक नक्की असतो, ज्याला पाकीट पुढे सरकवताना मनातून बरं वाटतं. तो शोधायचा. आणि तो कट्ट्यावर उभं राहून सापडणार नाही, घरात सापडेल.

म्हणून म्हणते, रविवारी त्यांना जेवायला बोलवा. ज्या मुलावर तुमचा राग आहे त्यालाही. पावभाजी करा, मिसळ करा, मुलं तरीवर भांडतील असं काहीतरी करा. मुलाला आधी विचारा, अचानक घडवून आणू नका. चौकशी करायची नाही : वडील काय करतात, किती टक्के पडले, कुठे राहता, काही नाही. वाढायचं आणि सहज कानावर पडेल ते ऐकायचं. कोण ताट उचलून मोरीपाशी नेतो, कोण आजींच्या पाया पडतो, कोण तुमच्या मुलाची सारखी खोड काढतो आणि कोण ती थांबवतो, अर्ध्या तासात तुम्हाला दिसेल. इंदिरानगरच्या एका आईंना मी हेच सांगितलं होतं. त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्याच, "त्या पोराला मी माझ्या हातानं वाढू?" पंधरा दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्याला घरी आईच नाही हो. चौथी पोळी घेताना माझ्याकडे बघून विचारत होता, घेऊ का." तो मुलगा पुढे त्यांच्याकडे अभ्यासालाच बसायला लागला. दर वेळी असं होतं असं मी म्हणणार नाही. पण एकदा तुमच्या हातचं जेवलेलं पोर तुमच्या मुलाला उघड धोक्यात ढकलताना थोडं अडखळतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

बोलण्याची जागा बदला. समोरासमोर बसवून, टीव्ही बंद करून, "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की मुलगा कवचात जातो. स्कूटरवर मागे बसवून भाजी आणायला न्या. तोंडं पुढे असली की बोलणं सोपं जातं, सिग्नलला विषय थांबवता येतो. सुरुवात त्याच्यापासून न करता जगापासून करा : "आमच्या वेळी असं कोणी गेलं नाही सोबत तर त्याला चिडवायचे. तुमच्यात काय करतात?" आणि तो सांगायला लागला की मध्ये उपदेश नको. आईचा उपदेश आला की त्या दिवसाचं बोलणं संपतं.

आता ती अब्रू न घालवता बाजूला होण्याची युक्ती. तुम्ही आणि तो मिळून एक खुणेचा मेसेज ठरवा, कोणी वाचला तरी कळणार नाही असा. "मम्मी, दूध आणायचं का?" एवढाही चालतो. तो मेसेज आला की तुम्ही किंवा पप्पांनी दोन मिनिटांत फोन करायचा आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "लगेच घरी ये, मामा आलेत." तो तोंड वाकडं करेल, मित्रांना म्हणेल, "काय यार, आमच्या घरचे," आणि निघेल. ग्रुपमध्ये त्याची जागा शाबूत राहील. यात तुमच्या बाजूनं एकच वचन हवं : त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. हे वचन एकदा मोडलं की मेसेज पुन्हा येत नाही. आणि त्याला खुशाल तुमच्या नावानं खोटी कारणं सांगू द्या. "पप्पा रोज शर्टाचा वास घेतात" हे कारण वर्गात आजही चालतं. त्यासाठी पप्पांची प्रतिमा थोडी कडक झाली तर होऊ द्या.

मैत्रीला मोकळीक द्यायची म्हणजे नियम सोडायचे असं मात्र नाही. नियम मित्रावर न लावता गोष्टीवर लावा. "त्याच्यासोबत जायचं नाही" हा नियम पाळला जात नाही. "साडेसातच्या आत घरी, उशीर होणार असेल तर फोन" हा पाळला जातो, कारण तो मोजता येतो. सिगारेट, व्हेप, तंबाखू घरात चालणार नाही, हे शांतपणे आणि एकदाच सांगा. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि व्हेपवर तर २०१९ पासून देशभर बंदीच आहे. बंदी असलेली वस्तू शाळेबाहेर मुलांना मिळत असेल तर तो फक्त तुमच्या घरचा विषय राहत नाही, पालकांनी मिळून शाळेशी बोलायला हवं. आणि गाडी. गंगापूर रोडला संध्याकाळी तिघे तिघे बसून जाणारी शाळकरी मुलं बघून माझ्या पोटात गोळा येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. किल्ली घरात दिसेल अशी ठेवू नका. या एका बाबतीत विश्वासाच्या गोष्टी करू नका, मित्र मागे बसलेला असताना या वयाचा मेंदू कसा चालतो ते वर सांगितलंच आहे.

एक नाजूक प्रश्न. घरात कोणी ओढतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. मिस्टर गॅलरीत जाऊन ओढत असतील, तर मुलाशी बोलण्याआधी त्यांनी त्याला स्वतः सांगावं, "मला सुटत नाही, मला त्याचा त्रास होतो, तू यात पडू नकोस." बापानं असं मोकळेपणी बोललेलं मुलं विसरत नाहीत.

मुलाला आणखी एक कट्टा द्या. एकच ग्रुप असलेल्या मुलाला त्या ग्रुपला "नाही" म्हणणं परवडत नाही, दोन असले की परवडतं. आपल्या शहरात यासाठी किती काही आहे. गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू होतात, तिथे ताशाच्या तालावर चुकलं की सगळ्यांसमोर कळतं आणि नीट वाजलं की सगळ्यांसमोर पाठ थोपटली जाते. पहाटे रामशेजला किंवा पांडवलेणीला चढणारे गट आहेत, तालमी आहेत, पोहण्याचे तलाव आहेत. त्याला आवडेल ते निवडा, तुम्हाला शोभेल ते नको. तिथे त्याला थोड्या मोठ्या, विशीतल्या ताई-दादांची संगत मिळते, आणि या वयात आईवडिलांपेक्षा आपल्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या दादाचं जास्त ऐकलं जातं. सरकारनंही हे ओळखलंय. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली १० ते १९ वयासाठी सुरू झाला. आरोग्याच्या गोष्टी बरोबरीच्यांना सांगायला त्यात गावातल्याच मुलामुलींना "साथिया" म्हणून तयार केलं जातं. मित्रांचं वजन दोन्हीकडे ओढतं. अभ्यासाला बसवणारा मित्र असतो, गुटखा सोडवणारा असतो, रात्री एक वाजता "तू बरा आहेस ना" विचारणाराही असतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वाट बघत बसू नका : पैसे किंवा वस्तू गायब होणं, रात्र रात्र झोप नसणं, डोळे लाल, खाणं तुटणं, हातावर कापल्याच्या खुणा, "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, किंवा कोणी मोठं माणूस मुलांच्या ग्रुपमध्ये घुसून त्यांना पैसे, नशा, काम देत असणं. त्या वेळी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात भेटा. जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल तर त्याच दिवशी भेटा, मुलाला एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

तुमच्या पत्रावरून तुम्ही अजून तिथे पोचलेल्या नाहीत. गणिताचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. नापास झाल्यावर क्लासची दुसरी बॅच लावायची घाई करू नका. रिकामी संध्याकाळ संपवून टाकली तर तो आपला कट्टा रात्री मोबाइलवर भरवेल. आधी रविवारचं जेवण करा, दुधाचा मेसेज ठरवा, आणि तीन आठवडे शर्टाच्या वासाबद्दल एकही शब्द न काढता काय काय ऐकू येतं ते एका वहीत लिहा. मग ती वही घेऊन या. मिस्टरांनाही सोबत आणा.